सोळा पानांचं कॉमिक: बेळगावात राहून, नोकरी सांभाळून, स्वतःच्या पैशानं

कॉमिक काढायचंय असं कुणी सांगितलं की मी गोष्ट विचारत नाही, पानं किती ते विचारते. गोष्ट मनात दहा वर्षं राहिली तरी तिला गंज चढत नाही. पण पानांचा आकडा ठरला की किती रविवार जाणार, प्रेसवाला किती मागणार आणि पुस्तक किती रुपयांना विकावं लागणार, हे एका संध्याकाळी कागदावर मांडता येतं. आकडा ठरला नाही तर यातलं काहीच मांडता येत नाही आणि कपाटात अर्धवट पानांचा गठ्ठा वाढत जातो.

माझ्या कपाटात तसा गठ्ठा आहे. मी वडगावात राहते आणि शहरातल्या एका क्रेडिट सोसायटीत दहा ते सहा नोकरी करते. पहिल्यांदा बसले तेव्हा मागावर काम करणाऱ्या घराच्या तीन पिढ्यांची मोठी गोष्ट काढायची होती. दोन वर्षांत तेवीस पानं झाली आणि हात थांबला. मग सोळा पानांचं एक कॉमिक घेतलं. ते पाच महिन्यांत काढून झालं, छापलं आणि विकलंही. आता तीन झालीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहून मराठीत कॉमिक काढू बघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी जी वर्षं चुकण्यात गेली ती तुमची जाऊ नयेत.

१. आधी आकडा: ८, १६ किंवा २४

पातळ कॉमिकला मधोमध पिना मारतात. प्रेसमध्ये त्याला सेंटर पिन म्हणतात. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीतच बसतात. अठरा पानांची गोष्ट लिहिलीत तर दोन पानं कोरी सोडावी लागतील किंवा दोन पानं कापावी लागतील, आणि दोन्हीत गोष्टीचं नुकसान आहे.

पहिल्या पुस्तकाला आतली सोळा पानं आणि कव्हरची वेगळी चार, एवढं पुरे. आठसुद्धा चालतील. चोवीसच्या वर पहिल्या खेपेला जाऊ नका. ‘थोडं मोठं केलं तर लोक जास्त पैसे देतील’ असं वाटतं, पण सोळा आणि चोवीस पानांच्या किमतीत वाचक फार फरक करत नाही. तुम्हाला मात्र ती आठ पानं काढायला दोन महिने लागतात.

२. सोळा पानांत मावणारी गोष्ट

सीमाभागातून मराठी कॉमिक येतंय म्हटलं की समोरचा माणूस दोनच अंदाज करतो: शिवराय किंवा सीमाप्रश्न. दोन्ही विषय माझ्या जवळचे आहेत आणि नेमकं म्हणूनच सांगते, सोळा पानांत त्यांना हात घालू नका. वैशाखातल्या शिवजयंतीला आपल्या गल्ल्यांतली मुलं चित्ररथांवर जे सजीव देखावे उभे करतात, ते बघत मोठा झालेला वाचक तुमच्या घाईघाईनं काढलेल्या घोड्यांवर समाधान मानणार नाही. सोळा पानांत एक जागा, दोन-तीन माणसं आणि फार तर एक दिवस मावतो. माझं पहिलं पुस्तक मंगाई यात्रेच्या दुपारी आजीचा हात सुटलेल्या मुलीचं होतं. दुसरं, निपाणीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायकांचं. सगळी गोष्ट एका सीटवर.

गोष्ट सुचत नाही अशी तक्रार असेल तर खिशात मावेल एवढी वही ठेवा आणि रोज एक ओळ किंवा एक चेहरा उतरवा. रविवार पेठेतला हमाल, खानापूरच्या गाडीतली भाजीवाली, सोसायटीत सही करताना हात थरथरणारे आजोबा. या गावात चित्रकलेचा धडा असाच दिला गेला आहे. चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले आणि इथंच चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली घडले. समोरचं बघून काढायची सवय लागली की सुचण्याची वाट बघत बसावं लागत नाही. वहीची पन्नास पानं भरली की त्यातली दोन माणसं आपोआप बोलू लागतात.

जुन्या काळातली गोष्ट घेत असाल तर पाट्या तपासा. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. म्हणजे १९६५ मधल्या सरकारी कचेरीच्या भिंतीवर ‘कर्नाटक’ लिहिलंत तर इथला कुठलाही म्हातारा वाचक लगेच बोट ठेवेल. ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत झालं १ नोव्हेंबर २०१४ पासून. त्याआधीच्या दृश्यात ते दाखवू नका.

इथं एक मोठा खड्डा आहे. आपल्या मातीतल्या लेखकाची कथा घेऊन कॉमिक करावं, असं पुष्कळांच्या मनात येतं. माझ्याही आलं होतं. पण लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० कॅलेंडर वर्षं हक्क वारसांकडं असतात. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांचे हक्क २०४७ संपेपर्यंत राखीव आहेत. कोवाडचे रणजित देसाई १९९२ मध्ये गेले, म्हणजे २०५२. वारसांची लेखी परवानगी हातात नसताना एक पानसुद्धा काढू नका. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या लेखनाला ही अडचण नाही.

३. डमी करा, बेरीज १७

चार ए४ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानांची वही तयार झाली, हीच तुमची डमी. पानांना १ ते १६ आकडे घाला आणि मग कागद सुटे करून बघा: एकाच बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम १७ येते. १६ शेजारी १, २ शेजारी १५, असं ८ शेजारी ९ पर्यंत. छापताना पानं अशीच लावली जातात. प्रेसमध्ये उभं राहून चूक पकडायची असेल तर ही बेरीज लक्षात ठेवा. मी एकदा पकडली आहे.

डमीत पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढा आणि संवाद मात्र पूर्ण लिहा. मग पानं उलटत ती वाचा, मोठ्यानं. उजव्या हाताच्या पानाची, म्हणजे विषम आकड्याच्या पानाची शेवटची चौकट फार मोलाची, कारण त्यानंतर वाचक पान उलटतो. आजीचा हात सुटतो हे माझ्या पुस्तकात पाचव्या पानाच्या शेवटी आहे आणि गर्दी सहाव्यावर. आधी ते सहाव्यावरच एकत्र होतं, तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येत नव्हता. सगळं तेच चित्र, फक्त पान उलटण्याची जागा बदलली.

डमी दोघांना वाचायला द्या, पण समजावून सांगू नका. कुठं थांबतात, कुठं मागं जातात, तेवढं बघा.

४. वेळ मोजा

‘वेळ मिळाला की काढते’ म्हणणाऱ्याचं पुस्तक होत नाही. वेळ आधी मोजावा लागतो. एक पान पूर्ण करा, पेन्सिल, शाई, अक्षरं, स्कॅन, सगळं, आणि घड्याळ लावून तास लिहा. माझं पान सात तासांचं आहे. सोळा पानांचे ११२ तास. आठवड्याला मला खात्रीनं सहा तास मिळतात: मंगळवारी आणि गुरुवारी रात्री दीड-दीड, रविवारी सकाळी तीन. ११२ भागिले ६, म्हणजे एकोणीस आठवडे.

हे एकोणीस आठवडे आपल्या कॅलेंडरवर मांडा, पुण्याच्या नव्हे. मी आषाढात सुरू करते. बाहेर धो धो पाऊस असतो, रविवारी कुणी कुठं बोलावत नाही. गणपतीचे अकरा दिवस आधीच वजा करते, कारण त्या दिवसांत बेळगावात घरी बसून काम होत नाही आणि ते होऊही नये. दिवाळीचा आठवडा वजा. हे धरून डिसेंबरच्या सुरुवातीला पानं हातात येतात. त्याचा एक मोठा फायदा पुढं छपाईच्या भागात सांगते.

रोज थोडं काम आणि रविवारी जास्त, असं जमत नसेल तर कामाचे तुकडे करा. दमलेल्या रात्री नवीन चौकट रचता येत नाही, पण चौकटींच्या रेघा मारणं, काळे भाग भरणं, पेन्सिल खोडणं हे होतं. मी प्रत्येक पानाच्या मागं ‘डोक्याचं’ आणि ‘हाताचं’ अशा दोन याद्या लिहून ठेवते. सोसायटीत मार्चएंड असतो तेव्हा महिनाभर फक्त हाताचं काम चालतं, आणि तरी पान पुढं सरकतं.

घरच्यांना तारीख सांगा. ‘डिसेंबरपर्यंत रविवारी सकाळी अकरापर्यंत मला हाक मारू नका’ हे आईला पटतं. ‘माझं चित्र चाललंय’ हे पटत नाही.

५. पैसे: पिग्मी काढा

हा माझा रोजचा धंदा, म्हणून जरा सविस्तर. पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम जमा करायचं बचत खातं, आपल्याकडं दुकानदारांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. १९२८ साली उडुपीत, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं ही पद्धत सुरू केली आणि आज इथली प्रत्येक लहान सोसायटी ती चालवते. कॉमिकसाठी वेगळं पिग्मी खातं काढा. दिवसाला ५० रुपये टाकले तर सहा महिन्यांत साधारण ९,००० जमतात. एकदम नऊ हजार काढायला घरात बोलाचाली होते, रोजच्या पन्नासची होत नाही. काढण्याआधी एवढं विचारा: मुदतीआधी बंद केलं तर किती कापून घेतात? बऱ्याच ठिकाणी व्याज मिळत नाही, उलट कमिशन कापतात. तेव्हा मुदत छपाईच्या महिन्याशी जुळवून घ्या.

कर्ज काढून पहिलं कॉमिक छापू नका. मी कर्जाचे अर्ज भरून घेते, म्हणून कळकळीनं सांगते.

आता छपाईचं गणित. डिजिटल छपाईत प्रत्येक प्रतीला सारखाच खर्च येतो. ऑफसेटमध्ये प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच, पण मोठा येतो आणि नंतरची प्रत स्वस्त पडते. समजा डिजिटलवाल्यानं प्रतीला ३५ सांगितले, आणि ऑफसेटवाल्यानं ६,००० अधिक प्रतीला १२. फरक प्रतीमागं २३ रुपये. ६,००० ला २३ नं भागा, २६१ येतात. म्हणजे २६१ प्रतींच्या आत डिजिटल परवडतं, त्यापुढं ऑफसेट. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्हाला मिळालेले दर घालून बघा. पहिल्या पुस्तकाच्या १००–१५० प्रती पुरतात. ‘पाचशे छापा, स्वस्त पडेल’ हा सल्ला कुणीतरी देईलच. न विकलेल्या साडेतीनशे प्रती पावसाळ्यात कुठं ठेवणार, ते त्यांनाच विचारा.

किंमत ठरवताना दुकानाचं कमिशन धरा. पुस्तकांची दुकानं छापील किमतीवर ३० ते ४० टक्के मागतात. १०० रुपयांच्या पुस्तकावर ३५ टक्के दिले तर हातात ६५. त्यातून छपाईचे ३५ गेले की उरले ३०. त्यातच येण्याजाण्याचा खर्च आणि खराब झालेल्या प्रती. म्हणून छापील किंमत छपाईच्या किमान तिप्पट ठेवा. स्वस्त ठेवलं तर जास्त खपेल असं वाटतं, पण ४० रुपयांचं कॉमिक दुकानदार दर्शनी भागात ठेवत नाही.

६. साहित्य

फार लागत नाही. आयव्हरी शीट, एचबी आणि २एच पेन्सिल, वॉटरप्रूफ काळी शाई, टाक आणि दोन निबा, तीन नंबरचा ब्रश, चुका झाकायला पांढरा पोस्टर कलर, स्टीलची पट्टी. काचेखाली एलईडी बल्ब ठेवला की लाइट बॉक्स झाला. हे सगळं शहरातल्या स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत मिळतं. टॅबलेट असेल तर उत्तम, पण पहिल्या पुस्तकासाठी टॅबलेट घेऊ नका. तेवढ्या पैशात पुस्तक छापून होतं.

पान ए४ वर काढा आणि ए५ वर छापा. चित्र साधारण ७१ टक्क्यांवर येतं, हाताची थरथर लपते. पण ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघा छपाईत गळतात, त्यामुळं केस आणि साडीची किनार जपून.

काढायला बसण्याआधी प्रेसला माप विचारा. आपल्याकडचे बरेच प्रेसवाले डेमी आणि क्राउन या कागदाच्या मापांत विचार करतात. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. हे ए५ सारखं दिसतं, पण ए५ पेक्षा अरुंद आणि उंच आहे. ए५ साठी काढलेलं पान डेमीवर टाकलं तर वर-खाली नको एवढी जागा सुटते, किंवा बाजूची चौकट कापली जाते.

७. अक्षरं: इथं सगळ्यात जास्त पुस्तकं बिघडतात

माझं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा ‘गर्दी’तला रफार उडाला होता, ‘पायऱ्या’ची ‘पायर् या’ झाली होती, आणि एका चौकटीत तर नुसते चौकोन होते. दोनशे प्रती. प्रेसचं नाव घेत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती. मी उघडी फाइल दिली, त्यांच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरनं युनिकोड मराठी तोडली आणि छापण्याआधीचं प्रूफ मी मोबाइलवर बघून ‘ठीक आहे’ म्हटलं.

म्हणून तीन गोष्टी. फाइल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे ती अक्षरं न राहता आकार होतात आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच राहतात. कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडं वेगळी ठेवा. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीत एक काना दुरुस्त करायलाही चौकट पुन्हा लिहावी लागेल. आणि प्रूफ कागदावरच मागा. त्यावर ऱ्य, ऱ्ह, र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि अनुस्वार बोट ठेवून तपासा. हे काम स्वतः करू नका, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. प्रत्येक गल्लीत एक निवृत्त मराठीचे गुरुजी किंवा बाई असतातच. त्यांना चहाला बोलवा. माझ्या दोन पुस्तकांची प्रुफं अशीच तपासली गेली.

फॉन्ट वापरणार असाल तर खुल्या परवान्याचे घ्या. ‘कलम’ हाताच्या वळणाचा आहे, ‘बालू’ जाड आणि गोल, ‘मुक्ता’ साधा. तिन्ही फुकट आहेत आणि विकायच्या पुस्तकात चालतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसरीकडं नेला तर त्याची खिचडी होते, म्हणून पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करा. इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय शोधा. भाषा मराठी निवडली की काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपले येतात. लहान गोष्ट वाटते, पण वाचकाच्या डोळ्याला ती कळते.

माझं मत विचाराल तर हातानं लिहा. हाताचं अक्षर कुठल्याच प्रेसमध्ये तुटत नाही, आणि चित्राच्या रेघेशी त्याचं नातं असतं. ओळी आखताना तीन पट्ट्या आखा: वरच्या मात्रांची, मधली अक्षराची, खालच्या उकारांची. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आधी मजकूर लिहा, मग त्याच्याभोवती फुगा काढा. उलटं केलं की शब्द कोंबावे लागतात, आणि ‘सांगितल्याप्रमाणे’ मधेच तोडता येत नाही. एका फुग्यात पंधरा शब्द ही माझी हद्द. छापून आल्यावर अक्षर ९ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका. इथली कितीतरी मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही, आणि हे पुस्तक त्यांच्या हातात गेलं पाहिजे असं मला फार वाटतं.

बोलीबद्दल एवढंच: आपली माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या. ‘काय करायलास?’ ‘होय की.’ आपल्याकडं बायका ‘मी जाऊन येतो’ म्हणतात. पुण्यातल्या एका मित्रानं माझ्या डमीत ते सगळीकडं ‘येते’ केलं होतं. मी ते परत ‘येतो’ केलं, आणि पुस्तकात आजी ‘येतो’च म्हणते. मधे येणारे कन्नड शब्दही राहू द्या, चित्रातून अर्थ कळतो. पुढं कन्नड आवृत्ती काढायची इच्छा असेल तर फुगे आणि अक्षरं चित्रापासून वेगळ्या लेयरवर ठेवा आणि फुग्यांत थोडी मोकळी जागा सोडा.

८. प्रेस

स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) करा आणि टिफ फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेलं चित्र छापायला देऊ नका, ते वाटेत दाबलं जातं. रंगीत कव्हर ३०० डीपीआय आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिळून काळा केला तर प्लेट केसाएवढी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. कडेला जाणारं चित्र ३ मिमी बाहेर वाढवा, आणि फुगे कडेपासून किमान ७ मिमी आत.

आतला कागद ८० ते १०० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, कव्हर २५० जीएसएमचं गुळगुळीत आर्ट कार्ड, वर लॅमिनेशन. आत रंग नको. काळ्या-पांढऱ्यात रेघ शिकायला मिळते, आणि खर्च कितीतरी कमी येतो.

तीन ठिकाणी दर विचारा: दोन बेळगावात, एक कोल्हापुरात. कोल्हापूर ११० किलोमीटर, एका दिवसात जाऊन-येऊन होतं. पण प्रूफ बघायला दुसरी फेरी लागते, ती दरात धरा. दर मागताना माप, पानं, कागद, जीएसएम, बांधणी, प्रती आणि लॅमिनेशन सगळं एकाच चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर तिघांचे दर तीन वेगळ्या वस्तूंचे येतील.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये छापू नका. आपल्याकडच्या हवेत कागद ओल धरतो, वाकतो, शाई वाळायला वेळ घेते आणि एका पानाचा डाग समोरच्या पानावर उठतो. डिसेंबरची कोरडी थंडी छपाईला सगळ्यात चांगली. आषाढात सुरू करण्याचा फायदा तो हाच.

९. कागदपत्रं

जवळ ठेवा: आधार, पॅन, बँक खातं आणि यूपीआयचा क्यूआर, कव्हर आणि शीर्षक पानाची पीडीएफ, प्रेसचा लेखी दर आणि बिल, जोडीदार असेल तर त्याच्याबरोबरचा करार.

करार. लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा असेल तर दोस्तीच्या भरवशावर राहू नका. एका पानावर लिहा: कुणाचं काय काम, खर्च कुणाचा, आलेले पैसे कसे वाटायचे, दुसरी आवृत्ती काढायची तर कुणाला विचारायचं. दोघांच्या सह्या, तारीख. कायद्यानं हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कॉपीराइट मात्र चित्र काढल्याक्षणी तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक म्हणून स्वतः अर्ज करा. फुकट मिळतो. पैसे घेऊन ‘आमच्याकडचा नंबर देतो’ म्हणणारे भेटतील. तो नंबर घेतलात तर नोंदीत प्रकाशक ते होतात, तुम्ही नाही. अर्ज छपाईच्या बराच आधी करा.

मासिक म्हणू नका. कव्हरवर ‘मासिक’ किंवा ‘द्वैमासिक’ छापून ठरावीक काळानं अंक काढायचे ठरवलंत तर ते नियतकालिक होतं, आणि त्याला २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. ‘पुस्तक पहिलं’, ‘पुस्तक दुसरं’ असं म्हणा.

शेवटचं पान. प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव-गाव, वर्ष, किंमत, हक्काची ओळ. घरचा पत्ता छापायचा नसेल तर गाव आणि ई-मेल द्या.

१०. विक्री

सगळ्यात चांगली जागा आपल्या पायाशी आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी, या गावांतली साहित्य संमेलनं हिवाळ्यात भरतात. शाळेची मुलं ग्रंथदिंडीत येतात, बाया-माणसं दिवसभर बसतात, आणि पुस्तकांच्या टेबलापाशी खरोखर पुस्तकं बघतात. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात माझं कॉमिक शंभर पुस्तकांत हरवलं. एका गावच्या संमेलनात मात्र एका पोरानं उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, मग आजोबांना ओढत आणलं. संयोजकांना महिनाभर आधी भेटा, फोनवर नको, समक्ष. टेबलासाठी चादर, सुट्टे पैसे, क्यूआरचा कागद, एक फाटली तरी चालेल अशी वाचायची प्रत, आणि पाण्याची बाटली एवढं न्या. मुलांना वाचू द्या, हात लावू नका म्हणू नका.

शाळेत जायचं तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि विकण्याआधी एक तास चित्राचा घ्या. दुकानात विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवत असाल तर पावतीवर प्रतींचा आकडा लिहून घ्या, दोन महिन्यांनी जाऊन हिशेब करा. हे दुकानदाराला वाईट वाटत नाही, त्याची सवय असते. मुंबई-बेंगळुरूकडं स्वतंत्र कॉमिकवाल्यांचे मेळे भरतात. एक पुस्तक हातात आल्यावर एकदा तिथं जाऊन बघा, स्टॉल नंतर.

पोस्टानं पाठवायला टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. सोळा पानांचं ए५ कॉमिक १०० जीएसएमवर छापलं तर कव्हरसकट चाळीस-पन्नास ग्रॅम भरतं, म्हणजे एका पाकिटात चार-पाच प्रती सहज जातात. त्यासाठी पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव लागतं, म्हणून शेवटचं पान विसरू नका. जाड पुठ्ठा मधे घाला, कोपरे दुमडतात.

प्रती हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत चार प्रती वेगळ्या काढा. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं, म्हणजे आता तुम्ही, स्वतःच्या खर्चानं एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमरा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायची असते. पाचवी प्रत मी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात देते, सहावी त्या प्रूफ तपासणाऱ्या बाईंना. उरलेल्यांतल्या दहा प्रती प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा आणि कुणी कितीही मागितल्या तरी देऊ नका. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रेसवाला नमुना मागतो, तेव्हा त्या लागतात.

पिग्मीची सवय मोडू नका. छपाईचे पैसे काढलेत त्याच दिवशी नवीन खातं काढा.